एसक्यूएल एक्सप्रेसचे आठ महिने, कनेक्शनच्या कटकटीसकट

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचं बेअरिंगचं छोटं होलसेल ऑफिस आहे, सर्व्हर म्हणून एक पीसी आणि बिलिंगला चार. बिलिंगचा डेटा ठेवायला एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्सप्रेस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर, टाकून आठ महिने झाले. फुकट आहे, एका डेटाबेसला १० जीबीची लिमिट, आमचा अजून दोनसुद्धा झाला नाही.

डोकं खाल्लं ते कनेक्शनने. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर बिलिंगचं सॉफ्टवेअर मस्त चालतंय आणि शेजारच्या टेबलावर एरर २६, म्हणजे सर्व्हर सापडत नाही. पिंग जातंय (म्हणजे सर्व्हरचा पीसी नेटवर्कवर उत्तर देतोय), शेअर फोल्डर उघडतोय, मग हेच का नाही? तर एक्सप्रेसमध्ये टीसीपी-आयपी, म्हणजे दुसऱ्या पीसीवरून नेटवर्कने जोडायची सोय, मुळात बंदच असतं, ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करून सर्व्हिस रीस्टार्ट करायची. पण २६ म्हणजे बहुतेक वेळा एसक्यूएल सर्व्हरची ब्राउझर सर्व्हिस (वेब ब्राउझर नव्हे) बंद, नाहीतर फायरवॉलने तिचा यूडीपी १४३४ पोर्ट अडवलेला, कारण इन्स्टन्स (चालू असलेला एसक्यूएल सर्व्हर) कुठल्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या दारावर, बसलाय हे क्लायंट, म्हणजे जोडणारा पीसी, तिथेच विचारतो. मी सरळ इन्स्टन्सचा पोर्ट १४३३ फिक्स करून टाकला. आयपीपुढे (सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या पत्त्यापुढे) पोर्ट लिहिताना स्वल्पविराम लागतो, मी कोलन देऊन अर्धा तास घालवला ते सांगायला लाज वाटते.

मग पावसाळ्यात राउटर उडाला, नवीन लावला आणि चारही पीसींचं कनेक्शन बंद. सॉफ्टवेअरवाल्याचा पोरगा म्हणतो, दादा फॉरमॅट मारूया. म्हटलं थांब रे. डेस्कटॉपवर रिकामी नोटपॅड फाइल केली, एक्स्टेन्शन बदलून यूडीएल केलं, डबल क्लिक केलं की टेस्ट कनेक्शनचं बटण मिळतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. सर्व्हरचा आयपी बदलला होता, तो टाकला तरी नाही. शेवटी दिसलं की विंडोजने नवीन नेटवर्क पब्लिक धरलंय आणि आमचा फायरवॉलचा रूल फक्त प्रायव्हेटला. प्रायव्हेट केल्यावर एरर आली १८४५६, लॉगिन फेल, आणि मी खुर्चीतून उठलोच, कारण ही एरर सर्व्हरकडूनच येते, म्हणजे दारापर्यंत पोचलो! टेस्टच्या गडबडीत पासवर्ड चुकीचा टाकला होता, बस. आता राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी बांधून ठेवलाय.

एकच खुपतं, यात एजंट (ठरल्या वेळी कामं आपोआप करणारा भाग) नाही, त्यामुळे बॅकअप आपोआप लागत नाही, स्क्रिप्ट लिहून विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावावी लागते. आमची आधी रात्री नऊला लावली होती, पण काका निघताना मेन स्विच पाडून जातात म्हणून आता साडेसहाला लावलीये.