दोघांची जुनी डिंगी की एकट्याची लेझर?

जीपी १४ किंवा एंटरप्राइझ, म्हणजे दोघांनी चालवायच्या जुन्या शिडाच्या छोट्या होड्या (डिंगी), घेऊ का, असं सेलिंग क्लबात विचारलं तर पहिलं उत्तर बहुधा ‘नको, संथ आहेत’ असं मिळतं. सल्ला कधीकधी बरोबर असतो, कारण मात्र चुकीचं असतं. आणि कारण चुकीचं धरलं की घेतलेली होडीही चुकते.

आधी वेगाचंच बघू. निरनिराळ्या जातींच्या होड्या एकाच शर्यतीत उतरल्या की पोर्ट्समथ यार्डस्टिक लावतात. प्रत्येक जातीला एक आकडा ठरलेला असतो. लागलेल्या वेळेला १००० ने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. आकडा जितका मोठा तितकी होडी संथ. हे आकडे अधूनमधून सुधारले जातात, पण ढोबळमानाने आयएलसीए ७ म्हणजे पूर्वीची लेझर, ही एकट्याने चालवायची होडी, ११०० च्या आसपास, एंटरप्राइझ ११२० च्या आणि जीपी १४ ११३० च्या आसपास आहे. लेझरला एक तास लागला तर जीपी १४ ला दीडेक मिनिट जास्त लागेल. एवढा वेळ तर एका फसलेल्या टॅकमध्ये (वाऱ्याच्या दिशेतून घेतलेल्या वळणात) आणि पुढच्या गोंधळात जातो. तरीही ‘लेझर संथ आहे, नको’ असं कुणी म्हणताना ऐकू येत नाही. उलट ती १९७१ पासून दोन लाखांवर बनली आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

तेव्हा जुन्या होड्या मागे पडल्या त्यात वेगाचा वाटा थोडा, जोडीदाराचा मोठा. जीपी १४ ही १९४९ ची, एंटरप्राइझ १९५६ ची. दोन्ही ब्रिटनमधल्या जॅक होल्ट यांनी आखलेल्या. प्लायवूड आणून घरी बांधता येईल आणि घरातलीच दोन माणसं ती चालवतील, हा हिशोब होता. (एंटरप्राइझमागे ‘न्यूज क्रॉनिकल’ आणि पुढे मिरर या डिंगीमागे ‘डेली मिरर’ होता. वर्तमानपत्रांनी होड्या खपवाव्यात, असाही एक काळ होऊन गेला.) आता दोघांचा सुट्टीचा दिवस एकाच वेळी मोकळा सापडणं अवघड. क्रूने, म्हणजे जोडीदाराने, सकाळी ‘जमत नाही’ असं कळवलं की होडी ताडपत्रीखालीच राहते. एकट्याच्या होडीला कुणाला विचारावं लागत नाही. मग दोघांच्या होड्या पाण्यात कमी दिसू लागतात, त्यांची वेगळी शर्यत बंद होऊन त्या यार्डस्टिकच्या मिश्र घोळक्यात जातात, आणि नवा माणूस बाकीचे जे चालवतात तेच घेतो. होडीत काहीही बिघडलेलं नसताना ताफा आटतो.

म्हणून पहिला प्रश्न हाच: तुमच्याकडे नेमाने येणारा जोडीदार आहे का? ‘कुणीतरी मिळेल’ हे उत्तर मी नाही असंच धरेन.

असेल, तर जुन्या होडीची बाजू वाटते त्याहून भक्कम आहे. एंटरप्राइझला स्पिनेकर (पाठवाऱ्यात लावायचं फुगीर जादा शीड) नाही, ट्रॅपीझ (तारेला लटकून होडीबाहेर झुकायची सोय) नाही. क्रूने जिब (पुढचं छोटं शीड) आणि सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात सोडायची फळी) सांभाळायचा आणि वजन योग्य बाजूला ठेवायचं. त्यामुळे लहान मूल किंवा अगदी नवखा माणूसही पहिल्याच दिवशी उपयोगी पडतो. जीपी १४ ला स्पिनेकर आहे, पण तो न लावताही मजेत फिरता येतं. शिवाय पाणी अरुंद असेल तर या होड्या तिथे शोभतात. पाठवाऱ्यात जिब एका बाजूला, मोठं शीड दुसऱ्या बाजूला उघडून त्या सरळ खाली येतात. आरएस २०० सारख्या १९९५ च्या, दोघांच्याच होडीचा असिमेट्रिक (दोन बाजू असमान असलेला) स्पिनेकर सरळ पाठवाऱ्यात धड भरत नाही. तिला नागमोडी यावं लागतं, आणि त्यासाठी रुंद पाणी लागतं. तिचा यार्डस्टिक १०५० च्या जवळ आहे, पण छोट्या तळ्यावर तो वेग वळणांतच संपतो. मोकळं पाणी, चांगला वारा आणि चपळ जोडी असेल तर मात्र मी बेलाशक आरएस २०० सुचवेन.

धक्क्यावर पारडं उलटं झुकतं. जीपी १४ चा नुसता सांगाडा १३३ किलोचा, एंटरप्राइझचा नव्वदच्या घरात. त्यावर डोलकाठी, शिडं, ट्रॉली. चढावर ओढायला तिसरा हात शोधावा लागतो. लेझर ५९ किलोची. २०१४ ची आरएस एरो, तीही एकट्याचीच, तर जेमतेम ३० किलोची, एकट्याने सहज हलवावी अशी. कलंडल्यावरही हाच फरक जाणवतो: लेझर सरळ केली की बहुतेक पाणी आपोआप निघून जातं, जुनी उघडी एंटरप्राइझ काठोकाठ भरून वर येते आणि बादली घेऊन बसावं लागतं. नंतरच्या, दुहेरी तळाच्या होड्यांत हा त्रास बराच कमी आहे. दोघांच्या होडीकडे वळणार असाल तर चार पैसे जास्त मोजून तशीच घ्या.

लेझर शरीराकडून मात्र वसुली करते. काठाबाहेर अंग झोकून बसण्यात मांड्या आणि पाठ भरून येते, आणि आयएलसीए ७ चं ७.०६ चौरस मीटरचं शीड जोराच्या वाऱ्यात सांभाळायला ऐंशी किलोच्या आसपासचा माणूस लागतो. हलक्या माणसाने ५.७६ चौरस मीटरच्या शिडाची आयएलसीए ६ घ्यावी. सांगाडा तोच राहतो, शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग तेवढा बदलतो. शर्यतीसाठी शीड अधिकृतच हवं, त्यामुळे ते जुनं झालं की खर्च टळत नाही.

जुनी जीपी किंवा एंटरप्राइझ पैशाने स्वस्त पडते. लाकडी असेल तर दरवर्षीचं वॉर्निश आणि डागडुजी तुमच्या सुट्ट्यांमधून वसूल होते. तरीही जोडीदार पक्का असेल आणि क्लबात तशा चार-पाच होड्या खरोखर पाण्यात उतरत असतील, तर मी लेझर सोडून तीच घेईन. घेताना सेंटरबोर्डच्या पेटीचे सांधे आणि डोलकाठी टेकते ती जागा हाताने दाबून पाहा, हवेच्या पिशव्या फुगवून तासभर ठेवा, आणि मोजमापाचा दाखला (होडी त्या जातीच्या नियमांत बसते असा) होडीसोबतच ताब्यात घ्या.