गच्चीवर एक्सपीएस बोर्ड, गोदामाच्या पत्र्याखाली फॉइल : अकोल्याच्या एका उन्हाळ्यानंतर

फेब्रुवारीत गच्चीवर 50 मिमीचे एक्सपीएस बोर्ड, म्हणजे उष्णता अडवणारे घट्ट फोमचे बोर्ड, टाकून घेतले. उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबर हीट, तिन्ही पार पडले म्हणून आता लिहायला बसलोय. थंडीत बसवून थंडीतच पाच स्टार देणाऱ्यांच्या रिव्ह्यूवर मी स्वतः कधी विश्वास ठेवत नाही.

घर अकोल्यात, एकमजली, वर उघडी गच्ची. दुपारी 45 अंश हे आम्हाला काही नवीन नाही, कुलर लावून माणूस दुपार काढतो. खरा वैताग रात्रीचा. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता झिरपत खाली यायला काही तास घेते. म्हणजे बाहेर जरा बरं वाटायला लागतं तेव्हा घरात छत तापलेलं असतं, आणि पंखा लावला की तव्यावरून आल्यासारखी हवा अंगावर येते. त्यात आपल्याकडे मेच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, नवतपाही तेव्हाच. भिंतींपेक्षा छतावरच जास्त मार बसतो, म्हणून पैसे घालायचे तर आधी छतावर, हे मी आधीच ठरवलं होतं.

काँक्रीटची उष्णतावाहकता साधारण 1.58 आणि एक्सपीएसची 0.03 च्या आसपास. हिशेब मांडला तर 50 मिमीचा बोर्ड जेवढं अडवतो, तेवढं अडवायला अडीच मीटरहून जाड काँक्रीट लागेल. हे एकदा डोक्यात बसलं की ‘आमचा स्लॅब जाड आहे हो’ या बोलण्याला किंमत राहत नाही. विटांच्या तुकड्यांच्या कोब्यासकट आमच्या छताचा यू-व्हॅल्यू (छतातून किती उष्णता आत येते त्याचा आकडा, जितका कमी तितका बरा) 2.4 च्या घरात येत होता. बीईईच्या (केंद्र सरकारची वीजबचतीचं काम पाहणारी संस्था) 2018 च्या इको निवास संहितेत घरांच्या छतासाठी कमाल मर्यादा 1.2 आहे. 25 मिमीच्या बोर्डानेही ती सहज गाठता आली असती. 50 मिमीने तो 0.5 च्या आसपास आला. फरक फक्त बोर्डाच्या किमतीचा होता, वरचं काम तेवढंच, म्हणून जाडीत हात आखडला नाही.

आमच्या आजोळची धाब्याची घरं आठवतात. लाकडावर हातभर पांढऱ्या मातीचा थर असायचा. तिथे मेमध्येही दुपारी झोप लागायची. स्लॅब आला आणि ती सोय गेली.

आता बसवण्याबद्दल, कारण निम्मा निकाल इथेच लागतो. क्रम असा : आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग जाळी टाकून पाण्याच्या उताराचा कोबा, आणि शेवटी पांढरी चायना मोझॅक. बोर्डाच्या कडांना खाच असलेलेच घ्या, म्हणजे एकावर एक बसतात आणि सांध्यातून ऊन खाली उतरायला वाट राहत नाही. आमच्या ठेकेदाराच्या माणसांनी पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला बोटभर फट सोडली होती आणि ‘कोब्यात झाकून जाईल’ म्हणाले. झाकली गेली असती, पण तिथून उष्णता उतरतच राहिली असती. तुकडे कापून बसवायला लावले. डांबर तापवून वर ओतू देऊ नका, सॉल्व्हंटवाला गोंदही नको, दोन्हीने बोर्ड वितळतो. आणि बोर्ड उन्हात आठवडेच्या आठवडे उघडे पडले तर वरून भुसभुशीत होऊन पावडर सुटते. आले की झाका.

खर्च? आमच्या गच्चीला सगळं धरून दोन-तीन दीड टनी इन्व्हर्टर एसींएवढा. त्यात बोर्डापेक्षा वरच्या कोब्याचा आणि मोझॅकचा वाटा मोठा.

उन्हाळ्यातला अनुभव. आधी संध्याकाळी छताला खालून हात लावला की चटका जाणवायचा, इन्फ्रारेड थर्मामीटर 42-43 दाखवायचं. या मेमध्ये त्याच वेळी 36 च्या आसपास, म्हणजे जवळपास खोलीच्या हवेइतकंच. एसी 24 ऐवजी 27 वर पुरतो आणि मध्यरात्रीआधीच कॉम्प्रेसर थांबतो. बीईई म्हणतं की दर अंशाला साधारण 6 टक्के वीज वाचते. बिलात मला त्याहून जास्त जाणवलं ते टप्प्यांमुळे. महावितरणचे टप्पे 100, 300, 500 असे चढत जातात, आणि जी युनिटं वाचतात ती सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातली असतात. आमचा मे महिना यंदा 500 च्या आत राहिला.

पण एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. बोर्ड थंडावा देत नाही, फक्त अडवतो. आत आलेली उष्णताही तो तितक्याच इमानाने अडवून धरतो. पूर्वी पहाटे स्लॅब वरून गार व्हायचा आणि घरालाही थोडा गारवा मिळायचा, तो आता मिळत नाही. रात्री खिडक्या उघडून, एक्झॉस्ट लावून घर मोकळं केलं नाही तर सकाळी कोंडल्यासारखं वाटतं. सकाळी आठला पुन्हा सगळं बंद, पडदे ओढून. कुलरवाल्यांनाही फायदा आहेच, फक्त कुलरला एक खिडकी उघडी लागते हे लक्षात ठेवा.

पावसाळा निर्धास्त गेला. एक्सपीएस पाणी जवळजवळ पीत नाही. स्वस्तात थर्माकोल टाकला तर तो पाणी धरतो, आणि ओला झाला की कामातून जातो.

दुकानाची गोष्ट वेगळी. आमचं औषधांचं दुकान आहे, मागे पत्र्याचं गोदाम. तिथे पत्र्याखाली बबल फॉइल लावलं. फॉइल उष्णता परत फेकतं, पण त्यासाठी पत्रा आणि फॉइल यांच्यात इंचभर हवेची पोकळी लागते. चिकटवून लावलं तर पैसे वाया. डोक्यावरची धग कमी झाली, हे खरं, पण पावसाचा पत्र्यावरचा आवाज जसाच्या तसा आहे. दुकानाच्या पुढच्या भागात फॉल्स सीलिंगवर 50 मिमी रॉकवूल (दगडापासून काढलेल्या लोकरीसारख्या तंतूंची गादी) टाकलं, कारण तिथे वायरिंग आहे आणि रॉकवूल जळत नाही. एक्सपीएस जळतं. आत उघडं कधीच लावू नका. रॉकवूलने आवाजही मारला. बसवताना अंगाला खाज सुटते तेवढी सुटतेच, हातमोजे आणि मास्क घालून काम करून घ्या. 30 अंशांखाली ठेवायच्या औषधांसाठी एसी मात्र चालूच आहे. इन्सुलेशनने तो काढता येईल असं कुणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरा.

बजेट कमी असेल तर आधी पांढरा कूल रूफ रंग मारा. पहिल्या उन्हाळ्यात तो चांगला चालतो, धूळ बसली की त्याचा परिणाम उतरतो, म्हणून मार्चमध्ये गच्ची धुवावी लागते. भाड्याच्या घरात मीही तेवढंच केलं असतं. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर असाल तर गच्ची सोसायटीची, म्हणजे आधी ठराव लागेल. तो होत नसेल तर खालून सीलिंगमध्ये रॉकवूल घालता येतं, फक्त स्लॅब तापायचा तसा तापतच राहतो आणि दर खोलीची उंची चार-पाच इंच जाते.