अहमदाबाद–बँकॉक इकॉनॉमी: सीट बनवणाऱ्याने केलेली पाहणी

मी बडोद्याचा. सीट आणि कुशन बनवणं हा आमचा घरचा धंदा आहे. वडिलांच्या काळात स्कूटर आणि रिक्षाच्या सीटा व्हायच्या, आता मोटारी, शाळेच्या व्हॅन आणि सोफे. त्यामुळे कुठेही बसलो तरी हात आधी गादीच्या कडेवर जातो. मुलगी नोकरीनिमित्त बँकॉकला असते, तिच्याकडे आम्ही दोघं जाऊन आलो. जाताना एका स्वस्त विमान कंपनीचं तिकीट होतं, येताना दुसऱ्या. दोन्ही इकॉनॉमी, दोन्ही थेट, दोन्ही चार तासांच्या आसपासची. आल्यापासून दुकानात येणारे सगळे विचारतात, जेवण कसं होतं, सामान किती नेऊ देतात. सीटबद्दल कुणी विचारत नाही. पण तिकिटाचे पैसे आपण मोजतो ते त्या सीटचेच, म्हणून मी तिच्यावरच लिहिणार आहे.

अहमदाबाद विमानतळापर्यंतचा प्रवास चांगला झाला. एक्सप्रेसवे आहे, वेळ हाताशी ठेवून निघालं तर काही प्रश्न येत नाही. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या सामानातच लागते. लोणच्याची बरणी घरीच ठेवा. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं झालं आहे, ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका.

आता सीट. जातानाचं विमान बोइंग ७३७-८०० होतं. खिशात कापडी टेप कायम असतो, तो काढला. विमानवाले ज्याला 'पिच' म्हणतात ते माप म्हणजे आपल्या सीटच्या एका ठिकाणापासून पुढच्या सीटच्या त्याच ठिकाणापर्यंतचं अंतर. हे सगळं पायाला मिळतं असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं नाही. त्यातूनच पाठीची जाडी जाते, गादीची लांबी जाते, आणि उरेल ते गुडघ्यांचं. माझं माप २९ इंच भरलं. स्वस्त कंपन्यांत २८-२९ हीच रीत आहे, जेवण तिकिटात धरणाऱ्या कंपन्या साधारण ३० ते ३२ देतात. एक-दोन इंचांनी काय होतंय असं वाटेल. माझ्या उंचीच्या, म्हणजे पावणेसहा फुटी माणसाला त्या दोन इंचांत गुडघा पुढच्या पाठीला टेकतो की मोकळा राहतो हे ठरतं.

एक गोष्ट मात्र कौतुकाची. पाठ इतकी पातळ केली आहे की मी हात फिरवून बघतच राहिलो. मासिकं ठेवायचा खिसा गुडघ्यासमोरून काढून ट्रेच्या वर नेला आहे, त्यामुळे जिथे गुडघा येतो तिथे फक्त कवच आणि कापड. हे ज्याने आखलं त्याला बसणाऱ्या माणसाची जाण आहे. सीट मागे झुकत नव्हती, मुळातच जराशी कललेली बसवली होती. मला ते पटलं. २९ इंचांत पुढच्याने सीट मागे टाकली असती तर मागच्याच्या मांडीवर ट्रे आला असता.

गादी मात्र कमी पडली. बसल्याबसल्या पहिली दहा मिनिटं छान वाटतं, आणि गिऱ्हाईक इथेच फसतं. आमच्या दुकानातसुद्धा लोक सोफ्यावर दोन मिनिटं बसून 'मस्त मऊ आहे' म्हणतात, तेव्हा मी त्यांना सांगतो, पंधरा मिनिटं बसा, चहा मागवतो. फोमची खरी परीक्षा तासाभराने होते. बैठकीच्या दोन हाडांखाली तो किती दबला आणि दबून थांबला की खाली तळाला टेकला, हे तेव्हा कळतं. या सीटचा फोम दोन इंचांच्या आसपास असावा. मधे अंगठा दाबला तर कडक तळ लागत होता. पुढची कड सपाट कापलेली. ही कड गोल आणि जरा मऊ हवी, नाहीतर मांडीच्या मागच्या शिरा दाबल्या जातात आणि पाय बधिर होतात. मला दुसऱ्या तासाच्या शेवटी कळ यायला लागली, म्हणजे साधारण अर्ध्या वाटेत.

आमच्या हिची सीट त्याहून वाईट निघाली. मधला फोम मेला होता. बसलं की डावीकडे झुकायला व्हायचं, आणि हिचा डावा गुडघाच दुखरा. "अहो, मी इथे चार तास नाही बसू शकणार," असं ती म्हणाली तेव्हा मी उठून मागे गेलो. गादी वेल्क्रोने लावलेली असते, बदलायला दोन मिनिटं लागतात, पण विमानात वेगळी गादी ठेवलेली नसते. तिथली विमान कर्मचारी मुलगी, वय पंचविशीच्या आतलं, स्वतः आली, गादीवर हात ठेवून दाबून बघितलं आणि म्हणाली, खरंच खराब आहे, लिहून देते. मग दोन ओळी मागे मधल्या रस्त्याकडेची एक सीट रिकामी होती ती हिला दिली. त्या जागेचे एरवी वेगळे पैसे पडतात, तिने घेतले नाहीत. उतरताना मी तिचे आभार मानले. सीटचं दुखणं ऐकून घेऊन हात लावून बघणारी माणसं कमी असतात. मेलेल्या गादीसकट विमान पुन्हा पुन्हा उडवणाऱ्या कंपनीवर मात्र माझा राग आहे. आमच्याकडे शाळेच्या व्हॅनचा मालकसुद्धा फोम बसला की सीट घेऊन येतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विमानाची गादी आमच्यासारखी हवी तशी जाड करता येत नाही. जागेचा आणि वजनाचा हिशोब आहेच, पण त्याआधी आगीचा आहे. फोम आणि वरचं कापड यांच्यामध्ये आग रोखणारा एक थर असतो, आणि पूर्ण गादीवर तेलाच्या बर्नरची ज्वाळा सोडून ती चाचणी पास करावी लागते. अमेरिकेत हा नियम १९८४ मध्ये आला. साधा फोम पेटला की मिनिटभरात काळा विषारी धूर भरतो, आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे आणि म्हणून गोदामात विडी पेटवू देत नाही. सीटच्या सांगाड्याची परीक्षा तर आणखी कडक आहे. ७७ किलोचा पुतळा बसवून, गुरुत्वाच्या सोळा पट धक्का पुढच्या दिशेने देतात, आणि सीट जमिनीच्या रुळांवरून सुटता कामा नये. मी खाली वाकून ते रुळ आणि पायांचे जोड बघितले. इतकं हलकं आणि इतकं पक्कं काम मी आयुष्यात बनवलेलं नाही. त्या कारागिरीपुढे मी हात जोडतो. माझी तक्रार आहे ती इंचांची आणि देखभालीची.

येतानाचं विमान एअरबस ए३२० होतं, आणि तिकीट काढताना आम्ही फक्त वेळ बघितली होती, विमान नव्हे. बसल्या क्षणी फरक जाणवला. टेप लावला: सीटच्या दोन हातांमधली रुंदी जाताना १७ इंच होती, इथे १८ला जेमतेम दोऱ्याने कमी. कारण विमानाच्या अंगातच आहे. ७३७ पहिल्यांदा उडालं १९६७ मध्ये, आणि त्याच्या आतल्या केबिनची रुंदी आजही ३.५३ मीटर. ए३२० आलं १९८७ मध्ये, त्याची ३.७० मीटर. दोन्हीत एका ओळीत सहाच माणसं, तीन इकडे तीन तिकडे. ते १७ सेंटिमीटर सहा जणांत आणि मधल्या रस्त्यात वाटले की माणशी सुमारे एक इंच येतो. आम्हा दोघांच्या शेजारी एक भरदार अंगाचे सुरतचे काका होते. जाताना ते शेजारी असते तर आमचे खांदे पूर्ण वेळ घासले असते. इथे त्यांनी कोपर ठेवला, मी ठेवला, आणि दोघांना झोप लागली. पिच इथेही ३० इंचांच्या आतच होती, पण गादी नवी होती, पुढची कड नीट गोल केलेली. कळ आलीच, फक्त बरीच उशिरा.

चार तासांचा आकडा मी उगीच धरून बसलेलो नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं आहे की चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात धोका थोडा आहे, घाबरून जायला नको, पण बँकॉकचं विमान अगदी त्या उंबरठ्यावर येतं. दार बंद होण्याआधीचा आणि उतरायला उभं राहण्याचा वेळ धरा, चार तास सहज उलटतात. म्हणून दर तासाला उठावं. रस्त्याकडेची सीट असली की उठता येतं, खिडकीकडे दोघांना उठवायचा संकोच वाटतो आणि माणूस बसून राहतो. साठीच्या पुढच्या आईवडिलांसाठी तिकीट काढणाऱ्या पोरांनी खिडकीचा हट्ट करू नये. रात्रीच्या विमानात खिडकीतून अंधारच दिसतो.

जेवणावर थोडक्यात. स्वस्त कंपनीत आधी मागवलं नाही तर शाकाहारी काही उरेलच असं नाही, तेव्हा तिकिटाबरोबरच मागवा. आम्ही येताना भात आणि डाळ मागवली होती, गरम मिळाली, चव फिकी लागली. स्वयंपाक्याला दोष देऊ नका, वर हवेचा दाब कमी आणि हवा कोरडी, त्यामुळे जिभेला गोड आणि खारट कमी जाणवतं. हिने घरून लीलो चिवडा, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, नेला होता, तोसुद्धा जाताना विमानात निम्म्या चवीचा लागला आणि मुलीच्या घरी तोच डबा उघडला तर झकास. पाणी मात्र भरपूर प्या. केबिनमधली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली असते, घसा सुकतो. रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून नेता येते, पुढे भरून घ्यायची.

मला एक मनापासून वाटतं ते लिहितो. २८ ऑक्टोबर २०२४ ला बडोद्यात टाटा आणि एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना सुरू झाला. लष्करी वाहतुकीची विमानं आहेत, तिथली बसायची सोय वेगळीच असते, पण आमच्या गावात विमान जुळतं याचा मला फार अभिमान आहे. रावपुरा, दांडिया बाजारपासून मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीपर्यंत इथे शिवणारे, कापणारे, साचे करणारे हात आहेत. प्रवासी विमानाची गादी एक दिवस इथे शिवली जावी आणि तिची पुढची कड गोल असावी, ही माझी इच्छा.

तोवर ग्राहक म्हणून माझी मागणी साधी आहे. फ्रिज घेताना लिटर लिहिलेले असतात, चपलेवर नंबर असतो. तिकीट विकताना पिच आणि रुंदी इंचांत लिहा. काही कंपन्या लिहितात, बऱ्याच जणी 'आरामदायक आसन' इतकंच लिहून मोकळ्या होतात. हा फक्त ऐषारामाचा मुद्दा नाही, अपघातात अर्धी दारं बंद धरून नव्वद सेकंदांत सगळे बाहेर पडले पाहिजेत असा विमानाचा दंडक आहे. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने तिथल्या विमान नियामकाला सीटची किमान मापं ठरवायला सांगितलं आणि २०२२ मध्ये त्यांनी लोकांची मतं मागवली. आपल्याकडेही कुणीतरी हा प्रश्न लावून धरायला हवा.

पुन्हा जाऊ तेव्हा आम्ही येतानाचीच कंपनी घेणार, तिकीट जरा महाग पडलं तरी. बुकिंगच्या वेळी विमानाचा प्रकार बारीक अक्षरात दिलेला असतो, तो वाचायचा. तीन-तीनच्या रांगेत दोघांनी एक मधली आणि एक रस्त्याकडेची घ्यायची. आणीबाणीच्या दाराजवळची ओळ पायाला मोकळी असते, पण तिथे बसणाऱ्याला दार उघडायला मदत करता यायला हवी, म्हणून दुखऱ्या गुडघ्याच्या माणसासाठी ती घेऊ नका. तिच्या लगेच पुढची ओळही टाळा, तिथली सीट बहुतेक विमानांत मागे झुकत नाही. सीटवर बसलात की विमान सुटायच्या आधीच गादीच्या मधोमध मूठ दाबून बघा. तळ लागला तर तेव्हाच सांगा, कारण दारं बंद झाल्यावर कुठली सीट रिकामी राहिली ते त्यांना लगेच कळतं आणि सांगणाऱ्यालाच ती आधी मिळते.