सांध्याच्या मोटरी : आठ महिने, एक जळकी कॉइल आणि घंटीची बटणं

माझ्या मॉडेल रेल्वेचे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवतात ते) सरकवायला डबल कॉइलवाल्या पॉइंट मोटरी मागवल्या त्याला आठ महिने झाले, चार नग. मे महिन्यात यांच्याबद्दल अर्धं लिहून ठेवलं होतं, वर हेडिंग "पैसे पाण्यात". बरं झालं टाकलं नाही. आता त्यातलं अर्धं खोडून लिहितोय, उरलेला अर्धा राग अजून आहे.

ग्वाल्हेरात लष्करच्या घरी गच्चीवरच्या खोलीत 8 बाय 4 चा प्लाय, 16.5 मिमीचा रूळ, स्टेशनचं नाव घोसीपुरा. (खरं घोसीपुरा दोन फुटी लाईनवरचं होतं, माझा गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, त्या हिशोबाने चूक आहे, माहीत आहे, ती गाडी 2020 पासून बंद आहे तर निदान नाव तरी चालू राहू द्या.) चार सांधे, प्रत्येकाला दोन कॉइल, एक इकडे आणि एक तिकडे सरकवायला, म्हणजे आठ बटणं लागणार. मोटरींसाठी मिळणारे खास लिव्हर स्विच बघितले, एकेकाची किंमत बघून पान बंद केलं, आणि बाड्यावरच्या बाजारातून दाराच्या घंटीची बटणं आणली, 25 रुपयाला एक. आठ बटणं, 200 रुपये, आपण लय हुशार.

दोन-अडीच महिने मस्त चाललं. मग सुट्टीत पुण्याहून भाचा आला. आता घंटीचं बटण दिसल्यावर माणूस काय करतो? दाबून धरतो, दार उघडेपर्यंत. तेच त्याने केलं. मी खाली कूलरमध्ये पाणी भरत होतो, बहीण ओरडली, "दादा, वर काहीतरी जळतंय रे!" जाऊन बघतो तर मोटरीतून धूर आणि भाचा म्हणतो, "मामा, गाडी येतच नाहीये."

कॉइल साधारण 4 ओहमची, त्यात 16 वोल्ट, म्हणजे चार अँपिअर, 64 वॉटच्या आसपास. आपलं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं, त्यावरून काय ते समजा. ही कॉइल क्षणभराच्या झटक्यासाठी असते, काही सेकंद धरलं की संपली.

विक्रेत्याला मेल टाकला, फोटो पाठवले. उत्तर आलं, जळलेली कॉइल वॉरंटीत नाही, माहितीपत्रक वाचा. वाचलं, भिंग लावून. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ, फक्त मोमेंटरी स्विच (दाबलेला असेल तेवढाच वेळ चालू राहणारा) वापरा. मी लिहिलं, बटण मोमेंटरीच होतं हो, बोट नव्हतं! त्यावर काही उत्तर नाही. सात मेल झाले, शेवटचे तीन मी एकट्यानेच लिहिले.

मग मोटर घेऊन गेलो पंखे वाइंडिंग करणाऱ्याकडे. तो आधी हसला, ही कुठल्या पंख्याची म्हणून, मग जळकी तार गेजने मोजली, आटे मोजत उलगडली आणि संध्याकाळी भरून दिली, 80 रुपये. जुनी चांगली कॉइल 4.1 ओहम, याची 4.4, चालतेय. नवीन मोटरीचे वाचले म्हणून येताना गजक (तिळाची, थंडीतली मिठाई) घेणार होतो, पण मे महिन्यात कसली गजक.

इथपर्यंत माझं मत होतं मोटर भंगार. मग सीडीयू, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट, लावला आणि मत बदललं. कपॅसिटर आधी भरून ठेवतो, बटण दाबलं की सगळं एका दणक्यात कॉइलमध्ये सोडतो, आणि बोट दाबलेलं असेल तोवर ट्रान्झिस्टर पुन्हा भरूच देत नाही. म्हणजे भाच्याने तासभर दाबलं तरी कॉइल थंड. घरीच बनवला, 2200 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. मी 25 वोल्टचे मागत होतो, दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, पैंतीस वाला ले जाओ, पाँच रुपये के लिए पटाखा मत फोड़ो." बरोबर होतं त्याचं, 16 वोल्टचा ट्रान्सफॉर्मर लोड नसताना 18-19 देतो, त्याला 1.41 ने गुणलं (कपॅसिटर एसीच्या शिखरापर्यंत भरतो) की 25 च्या वर जातोच, त्यात रात्री आमच्याकडे व्होल्टेज चढलेलं.

तरी लांबचा सांधा अर्धाच सरकायचा. पुन्हा मोटरीला शिव्या घातल्या, दोष निघाला वायरचा. घंटीच्या बटणांबरोबर घंटीचीच बारीक वायर आणली होती, जाऊन-येऊन दहा मीटर. कॉमनला, म्हणजे सगळ्या कॉइलच्या सामायिक तारेला, जाड वायर टाकली, आता खट्ट, एका फटक्यात.

आता परत बटणं. मला रात्री झोपताना बटणंच दिसायची. शेवटी सगळी काढली. पॅनेलवर रुळांचा नकाशा रंगवला, प्रत्येक फाट्यावर पितळेचा स्क्रू, मागून प्रत्येकाला एका कॉइलची वायर, आणि सीडीयूची वायर एका जुन्या बॉलपेनात घालून पुढे पितळेचं टोक. ज्या लाईनीवर गाडी न्यायची त्या स्क्रूला पेन टेकवा, सांधा तिकडे. जुनीच पद्धत आहे, मी शोधली नाही, पण स्क्रू डब्यातले, पेन फुकट, आणि पेन कुणी घंटीसारखं दाबून बसत नाही. तोटा एकच, सांधा कुठल्या बाजूला आहे ते पॅनेलवर कळत नाही, वाकून बघावं लागतं. गुडघे काय म्हणतात ते सोडा.

इथल्या जयविलास पॅलेसच्या जेवणाच्या टेबलावरची ती चांदीची गाडी बघितलीच असेल. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू. कुठल्या पाहुण्याला माहितीपत्रक द्यावं लागलं नसेल. स्विच म्हणजे हे, माणूस जे सहज करणार तेच त्याच्याकडून करून घेणारा.

तर मोटरीला पाचात चार. एक कापला तो माहितीपत्रकाचा, दोन रुपयांची मोठी छपाई केली असती तर माझे 80 वाचले असते.

त्या आठ बटणांपैकी एक खाली दाराला लावलं, सात पडून आहेत. लष्करात कुणाला हवी असतील तर 15 ला देतो, फक्त पॉइंट मोटरीला लावू नका.