भिंतीवरचा परवाना मी वाचलाच नाही

माझे १,३१,६३६ रुपये अजून यायचे आहेत. आकडा तोंडपाठ आहे, कारण तलाठी सोडला तर तालुक्यातल्या बहुतेक सगळ्या साहेबांना तो सांगून झालाय. आता तुम्हाला सांगतो. पैसे मिळतील म्हणून नव्हे, तर पुढच्या उन्हाळ कांद्याच्या वेळी तुमचा ट्रॅक्टर चुकीच्या गेटात वळू नये म्हणून.

गोष्ट एप्रिल २०२४ ची. नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांना तो महिना आठवत असेल. कांद्याची निर्यातबंदी डिसेंबरपासून चालूच होती, ३१ मार्चला उठेल म्हणता म्हणता तीही लांबली. त्यात मार्चअखेरच्या सुट्ट्या संपतात न संपतात तोच हमाली-तोलाईची कपात आणि माथाडीची लेव्ही (हमाल-मापाऱ्यांच्या मंडळाकडे भरायची रक्कम) यांवरून व्यापारी, हमाल-मापारी आणि बाजार समित्या यांच्यात जुंपली. लिलाव बंद. माझ्या कांदाचाळीत मावतो दीडशे क्विंटल कांदा. वरचा सव्वाशेच्या आसपास शेतातच पोळ घालून पातीखाली झाकलेला. ऊन असं, की दोन दिवस पात सरकली तर कांदा भाजून निघावा. सोसायटीचं कर्ज, मजुरांची उक्ती बाकी, आणि जूनमध्ये पुतणीचं लग्न.

अशात हायवेच्या कडेला एक खासगी लिलाव केंद्र सुरू झालं. तेव्हा अशी केंद्रं बऱ्याच ठिकाणी निघाली होती आणि त्यातली काही सरळ धंदा करणारी होती, हेही सांगायला हवं. हे केंद्र म्हणजे मुरूम टाकलेलं मैदान, एक पत्र्याचं शेड, शेजारी भाड्याचा भुईकाटा आणि हिरवं बॅनर : ना हमाली, ना तोलाई, रोख पेमेंट. शेडमध्ये टेबल, टेबलामागे भिंतीवर लक्ष्मीचा फोटो आणि त्याखाली लॅमिनेट केलेला परवाना. राजमुद्रेसारखं काहीतरी, गोल शिक्का, हिरवी सही. मी लांबूनच बघितला. ‘परवाना आहे’ एवढं मनाशी म्हटलं आणि पुढे गेलो. देवळात जाताना घंटा वाजवतो ना, तेवढंच लक्ष.

पहिल्या दिवशी २८ क्विंटल ४० किलो नेला. बंद होण्याआधी समितीत क्विंटलमागे सरासरी तेराशे-चौदाशेच्या घरात निघत होती. इथे माईकवर पुकारा सुरू झाला आणि चौदाशेवरून धडाधड सोळाशे एक्कावन्नवर सौदा तुटला. चार-पाच जण बोली लावत होते. एकाने दहा रुपये वाढवले की दुसरा वीस. मला तर मान ताठ झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी ४६,८८८ रुपये रोख हातात. केंद्राचे मालक, म्हणजे शेठ, म्हणाले, “काका, गावात सांगा.” मी सांगितलं. माझ्या सांगण्यावरून आमच्या शिवारातले सहा जण तिकडे गेले, हे मला आजही सगळ्यात जास्त टोचतं. पैशापेक्षाही.

नंतर तीन ट्रॉल्या दोन दिवसांत नेल्या. ३१ क्विंटल २० किलो सोळाशे चाळीसने, २९ क्विंटल ८० किलो सोळाशे बाहत्तरने, ३० क्विंटल ६० किलो सोळाशे पंचावन्नने. एकूण १,५१,६३६ रुपये. या वेळी रोख नाही. “बँकेत मार्चअखेरचा घोळ चालू आहे, चेक घ्या,” आणि वर वीस दिवसांनंतरची तारीख.

खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं, आणि चेकमुळे नव्हे. वीस-बावीस वर्षं कांदा विकतोय. बोली होते, गाडी खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल उतरवायच्या जागी, जाते, आणि तिथे व्यापाऱ्याचा माणूस ट्रॉलीच्या तळातून चार कांदे काढून नाक मुरडतो. गोल्टी जास्त आहे, पत्ती सुटलेली आहे, काजळी आहे, वरून माल वेगळा आणि आतून वेगळा. म्हणजे वांधा. मग पन्नास-शंभर रुपयांवरून घासाघीस. आपण चिडतो, तोही चिडतो, कधी समितीचा माणूस येऊन मिटवतो. या शेठच्या खळ्यावर माझ्या चार गाड्यांत एकदाही वांधा निघाला नाही. तिसऱ्या गाडीत तर जोड कांदा मलाच दिसत होता. मी म्हटलं, माणूस दिलदार आहे. अहो, ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो माल कशाला तपासेल? आणि बोलीही तशीच. खिशातून द्यायचे असले की दहा रुपये वाढवताना माणूस थांबतो, मागे बघतो, फोन लावतो. तिथे कुणी थांबतच नव्हतं. पुढे पोलिसांत जबाब झाले तेव्हा कळलं, बोली लावणाऱ्यांतले दोघे त्याच्याच गाड्यांवरचे ड्रायव्हर होते आणि एक मेहुणा.

मे महिन्यात ४ तारखेला निर्यातबंदी उठली. चेकची तारीख जवळ आली होती. फोन आला, “काका, आता कंटेनर लागलेत, सगळा पैसा मालात अडकलाय, आठ दिवस चेक टाकू नका.” थांबलो. महिनाअखेरीस टाकला, तर पुरेसे पैसे नाहीत म्हणून परत. मी शेडवर गेलो तेव्हा शेठ भेटले, चहा पाजला, वीस हजार रोख दिले आणि म्हणाले, जुना चेक द्या, उरलेल्या रकमेचा नवा देतो. मी जुना चेक आणि बँकेचा परतीचा मेमो, दोन्ही त्यांच्या हातात दिले. झेरॉक्ससुद्धा काढली नाही! नवा चेक १ जुलैचा, दुसऱ्याच एका फर्मच्या खात्याचा. ८ जुलैला तोही परत आला. शेरा : खाते बंद. त्या आठवड्यात शेडवर गेलो तर पत्रेसुद्धा उतरवलेले. भुईकाट्याच्या मालकाचंही दोन महिन्यांचं भाडं थकलेलं होतं.

आता परवान्याकडे येतो. तो भिंतीवरून गेला होता, पण पुतण्याने पहिल्याच दिवशी ट्रॉलीच्या आनंदात शेठबरोबर सेल्फी काढला होता. मोबाइलवर बोटांनी मोठा करून वाचला. परवानाधारकाचं नाव शेठचं नव्हतं. तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाजार समितीचा होता. शेतमालाच्या रकान्यात भुसार, म्हणजे धान्य, लिहिलेलं होतं. आणि मुदत आधीच्या वर्षी संपलेली. चारही गोष्टी मराठीत, ठळक अक्षरात. जे वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं ते मी तीन महिन्यांनी वाचलं.

बाजार समितीत गेलो. सचिव साहेबांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि विचारलं, “लिलाव आवारात झाला का?” नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मला राग आला होता, पण त्यांनी जे समजावलं ते आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून इथे देतो.

बाजार समित्या चालतात १९६३ च्या पणन कायद्यावर आणि १९६७ च्या नियमांवर. आवारात खरेदी करायची तर व्यापाऱ्याला, अडत्याला समितीचा परवाना लागतो. मापारी आणि हमालालाही. लिलाव उघड बोलीने, समितीने नेमलेल्या माणसाकडूनच पुकारायचा. गुप्त खुणांनी, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायला बंदी. परवाना देताना व्यापाऱ्याकडून ठेव किंवा बँक हमी घेतलेली असते. पैसे चोवीस तासांत द्यायचे, नाही दिले तर परवाना निलंबित करता येतो, रद्द करता येतो, हमीला हात घालता येतो. थोडक्यात, त्याच्या गळ्यात समितीची एक दोरी असते. दोरी ओढायला समित्या किती उशीर लावतात, कुणासाठी सैल सोडतात, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर माझं मत चांगलं नाही. पण दोरी असते.

जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. कांदा-बटाटाही त्यात आला. आवाराबाहेर विकायची मोकळीक मिळाली, अडतही (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि अडतीच्या बाबतीत आजही वाजवीन. पण मोकळीक दोघांनाही मिळाली. आवाराच्या गेटाबाहेर समितीचा परवाना लागत नाही, म्हणून रद्द करायला परवाना नाही, जप्त करायला हमी नाही, आणि सचिवांना पेन उचलायला कारण नाही. मग तो भिंतीवरचा कागद कशासाठी होता? शेठला कायद्यासाठी नकोच होता तो. माझ्यासाठी टांगला होता.

एक गोष्ट मात्र राहते. स्वतःचा खासगी बाजार उघडायचा, रोज लिलाव भरवायचे, तर पुण्याच्या पणन संचालकांकडून खासगी बाजाराचा परवाना घ्यावा लागतो. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. महिन्याच्या आत उत्तर आलं : या नावाने असा परवाना दिलेला नाही. दहा रुपयांत मिळणारी ही माहिती. समितीच्या परवानाधारकांची यादी तर फुकट, ऑफिसात मागितली की दाखवतात. खासगी केंद्रावर जायचंच असेल तर आधी परवाना क्रमांकाचा फोटो काढा आणि ज्यांनी तो दिला असं लिहिलंय त्यांनाच फोन करून विचारा. शेठला राग आला तर येऊ द्या.

चेकचं ज्ञान मला वकिलांकडून मिळालं, तेही ऑगस्ट संपताना. चेक परत आल्याचं बँकेने कळवलं की तीस दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस. तरी पैसे नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं हे कलम १३८. खातं बंद असलं तरी तेच कलम लागतं. माझे तीस दिवस सचिव, उपनिबंधक आणि पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर गेले होते. नशीब एवढंच की चेक तीन महिने चालतो आणि त्या मुदतीत तो पुन्हा टाकता येतो. सप्टेंबरमध्ये पुन्हा टाकला, पुन्हा परत आला, त्याच आठवड्यात नोटीस गेली. केस आपल्या खात्याची शाखा जिथे, तिथल्या कोर्टात चालते. २०१५ च्या दुरुस्तीमुळे निदान त्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत.

पोलिसांत पहिल्यांदा ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकलं. प्रत्येकाला हेच ऐकवतात, त्याने खचू नका. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम घेतली होती. त्यात द्राक्षवाल्यांचे बुडालेले पैसे परत आलेले आम्ही पाहिले होते. म्हणून एकेकट्याने न जाता सतरा जण मिळून गेलो. सगळ्यांच्या पावत्या एकाच वहीतल्या, तारखा लागोपाठच्या, आणि सगळ्यांना पहिली गाडी रोख, पुढच्या चेकवर. हा नमुना एकत्र टेबलावर ठेवल्यावर साहेबांचा सूर बदलला. १ जुलै २०२४ पासून नवा फौजदारी कायदा, भारतीय न्याय संहिता, लागू झाला होता, पण फसवणूक एप्रिलमधली, म्हणून गुन्हा जुन्या दंड संहितेच्या ४२० कलमाखालीच नोंदवला गेला.

पावतीबद्दलही सांगतो. आमच्या पावतीवर वरती फक्त केंद्राचं छापील नाव, मालकाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, सहीच्या जागी एक वेलांटी. समितीची सौदापट्टी (ठरलेल्या भावाची) आणि काटापट्टी (वजनाची) किचकट म्हणून आपण हसतो, पण तिच्यावर घेणाराही असतो आणि देणाराही. आमच्यातल्या चौघांकडे तर भुईकाट्याची चिठ्ठीच उरलेली नाही, एकाने तिच्यावर मोबाइल नंबर लिहून कुणाला तरी देऊन टाकली.

या हंगामात कांदा समितीतच नेला. बोली झाली, गाडी खळ्यावर गेली. हिशोबपट्टी घेताना मी परवाना क्रमांक विचारला, तर व्यापारी म्हणाला, “काय आप्पा, आमच्यावर बी विश्वास नाही का?” मी म्हटलं, नाही. तो हसला, क्रमांक लिहून दिला, आणि मग ट्रॉलीतले चार कांदे काढून तीस रुपयांचा वांधा घातला. मी तीसवरून पंधरावर आणला. पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात.

त्या हिरव्या बॅनरच्या केंद्रावर एप्रिल २०२४ मध्ये माल दिलेले आणखी कुणी असतील, तर पावती, काटापट्टी, चेकचा मेमो, जे असेल ते मूळ कागद सांभाळून ठेवा आणि ज्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद आहे तिथे जबाब द्या. मुदत गेली असं समजून बसू नका. त्या दिवसांत काढलेले फोटो असतील तर तेही बघा, मागे भिंत आली असेल.