किंगडम ट्रेल्स: वर्षाचा पास, दिवसाचा पास की घराजवळची सभासदी?

बॉस्टनच्या आसपास राहून माउंटन बाइक घेतलेल्या माणसाला दुसऱ्या उन्हाळ्यात हा प्रश्न पडतोच. पहिल्या उन्हाळ्यात कुणीतरी मित्र त्याला उत्तर व्हर्मॉन्टमधल्या ईस्ट बर्कला, किंगडम ट्रेल्सच्या सायकलवाटांवर, घेऊन गेलेला असतो. डार्लिंग हिलच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना कुरणं, मग एकदम मेपलची सावली, आणि त्या सावलीतून वळणं घेत उतरणारी मऊ मातीची वाट. परतताना फ्रँकोनिया नॉचच्या खिंडीत आय-93 सारखा हमरस्ता एका लेनचा होतो, गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात, आणि शेजारच्या सीटवर बसलेला माणूस फोन काढून वर्षाचा पास घेऊन टाकतो. मीही असाच घेतला होता.

तेव्हा दिवसाचा पास 15 डॉलरला मिळायचा आणि वर्षाचा पास साधारण पाच दिवसांच्या पैशांत. आता दर चढलेत, पण हिशेबासाठी पाचचा आकडा डोक्यात ठेवलेला बरा. वर्षात पाच दिवस जाणार असाल तर बरोबरी, सहाव्या दिवसापासून फायदा. कागदावर एवढं सोपं आहे. माझ्या त्या वर्षाचं काय झालं ते ऐका. मेच्या शेवटच्या लाँग वीकेंडला दोन दिवस गेलो. जूनमध्ये आई-बाबा आले, त्यांना नायगारा दाखवायचा होता. जुलैत पाऊस. ऑगस्टच्या अखेरीपासून मंडळाच्या गणपतीची तयारी, शनिवार-रविवार ढोलाच्या सरावात गेले. ऑक्टोबरमध्ये पानं लाल झाल्यावर एक दिवस मिळाला. एकूण तीन. म्हणून पहिला सल्ला हा की येत्या वर्षी किती वेळा जाणार हे विचारू नका, गेल्या वर्षी खरोखर किती वेळा गेलात ते फोनमधले फोटो उघडून मोजा. ज्यांच्या घरी शाळकरी मुलं आणि मंडळ दोन्ही आहे त्यांनी आलेल्या आकड्यातून एक वजा करावा.

पण नुसत्या भागाकाराने हा प्रश्न सुटत नाही. बॉस्टनहून ईस्ट बर्क पावणेतीन-तीन तासांवर. जाऊन-येऊन पेट्रोलच दिवसाच्या पासाहून जास्त पडतं, रात्रीचा मुक्काम केला तर विचारूच नका. या सगळ्या खर्चात पास ही सर्वांत लहान रक्कम. तिथे पाच-दहा डॉलर वाचवायला डोकं फोडणं म्हणजे लग्नात हॉल, जेवण, फोटोग्राफर सगळं ठरवून झाल्यावर अक्षतांच्या पिशव्यांवर भाव करण्यासारखं आहे.

वर्षाच्या पासाची खरी किंमत मला पावसात कळली. दिवसाचा पास हातात असला की आपल्यातला मध्यमवर्गीय जागा होतो. तीन तास गाडी हाकून आलोय, पैसे भरलेत, आता अकरा वाजता सर आली म्हणून काय परत जायचं? पैसे वसूल झाले पाहिजेत. मग ओल्या मातीत सायकल घातली जाते. ओल्या चिकणमातीतून टायर गेला की बोटभर खोल चाकोरी पडते. पुढच्या सरीचं पाणी आडवं निघून जाण्याऐवजी त्या चाकोरीतून वाटेबरोबरच उताराला लागतं आणि जाताना माती घेऊन जातं. चार दिवसांनी तिथे डबकं. डबकं चुकवायला पुढचे लोक कडेने जातात, आणि हातभर रुंदीची वाट बघता बघता बैलगाडी जाईल एवढी होते. वर्षाचा पासवाला मात्र आभाळ बघून कॉफी पितो, जेवतो आणि घरी निघतो. त्याचं काही बुडत नाही, पुढच्या वेळी येईन म्हणतो. स्वतःची ही वसूल करण्याची सवय ज्याला माहीत आहे त्याने, दिवस चारच भरत असले तरी, वर्षाचाच पास घ्यावा असं माझं मत.

आता हे पैसे जातात कुठे ते बघितल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. किंगडम ट्रेल्स ही 1994 साली सुरू झालेली ना-नफा संस्था. शंभर मैलांहून जास्त वाटा, आणि त्या बहुतांशी खासगी जमिनींवरून जातात. जमीनमालक शंभराच्या घरात. मालक भाडं घेत नाहीत, नुसती जाऊ देतात. आपल्याकडे बांधावरच्या वाटेवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दावे ज्याने बघितलेत त्याला यातलं नवल लगेच कळेल. इथे वहिवाटीचा हक्क वगैरे काही नाही, मालकाच्या मनात आहे तोवर वाट आहे. 2019च्या डिसेंबरमध्ये तीन मालकांनी सायकलींना जमीन बंद केली. त्या वर्षी सव्वा लाखाच्या वर भेटी झाल्या होत्या, गाव लहान, रस्ते अरुंद, वर काही सायकलवाल्यांचं वागणं. साइडवाइंडर आणि ट्रोल स्ट्रोलसारखे ट्रेल, ज्यांच्यासाठी लोक क्युबेकहून यायचे, सायकलींच्या नकाशावरून गेले. मातीतल्या कामाइतकाच या पैशांचा उपयोग पार्किंग, सूचना देणारी माणसं आणि मालकांशी संबंध राखणं याला होतो. पास तुम्ही वाटेचा घेता, पण तगून राहते ती शेजाऱ्यांची मर्जी.

एक गोष्ट लोक नेहमी गृहीत धरतात म्हणून सांगतो. समोरच्या बर्क माउंटनवर लिफ्टने वर जाऊन उतरायचं असेल तर ते तिकीट वेगळं. हा पास दाखवून लिफ्ट मिळत नाही.

तिसरा पर्याय व्हर्मॉन्ट माउंटन बाइक असोसिएशनच्या म्हणजे व्हीएमबीएच्या सभासदत्वाचा. ही राज्यभराची संघटना, आणि गावोगावच्या शाखा तिच्याशी जोडलेल्या. सभासद होताना शाखा निवडता येते आणि वर्गणीचा हिस्सा तिकडे जातो. स्टोची केडी हिल, वॉटरबरीची पेरी हिल, अशा जागांवर सायकल चालवायला बहुतेक ठिकाणी काही द्यावं लागत नाही, सभासदत्व ऐच्छिक आहे. बाइक पार्कमध्ये सवलती मिळतात हा वरचा लाभ. ज्याला दर वेळी नवी जागा हवी, तीच ती डार्लिंग हिल नको, त्याला हे बरं. पण हे कार्ड घेऊन ईस्ट बर्कला गेलात तर तिथला पास काढावाच लागेल.

आणि चौथा पर्याय, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. न्यू इंग्लंड माउंटन बाइक असोसिएशन, बोलीभाषेत नेम्बा, 1987 पासूनची. लिन वुड्स, मिडलसेक्स फेल्स, हॅरॉल्ड पार्कर, ज्या रानांत आपण बुधवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तासभर जाऊन येतो, तिथल्या वाटा राखण्यात तिच्या स्वयंसेवकांचा हात असतो. मिलफर्डजवळची ‘व्हिएतनाम’ नावाची जागा तर 2003 साली तिने विकतच घेतली, 47 एकर. तिथे दारात कुणी पैसे मागत नाही. म्हणूनच आपण देत नाही. माझाच हिशेब बघा. किंगडमला वर्षात तीन दिवस, तिथे मुकाट पैसे भरले. फेल्सला त्याच वर्षात तीसेक संध्याकाळी, तिथे सहा वर्षं एक पैसा दिला नव्हता.

हे लक्षात आलं ते एका श्रमदानाच्या रविवारी. नोव्हेंबर, पानांचा खच, आठ-दहा माणसं. माझ्या हातात फावड्यासारखं एक अवजार दिलं, एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला जाड दात. काम एवढंच की वाटेची दरीकडची कड पानं आणि माती साचून उंच झाली होती, ती खरवडून वाट पुन्हा बाहेरच्या बाजूला किंचित उतरती करायची, म्हणजे पाणी थांबणार नाही. दोन तासांत मी फार तर पंधरा पावलं वाट केली. पाठ धरली. शेजारी काम करणाऱ्या साठीच्या बाईंनी तेवढ्या वेळात तीस केली आणि वर मला केकही दिला.

तेव्हा कुणी काय घ्यावं? वर्षात एक-दोनदा जाणाऱ्याने ईस्ट बर्कला दिवसाचा पास घ्यावा आणि उरलेल्या पैशांत नेम्बाचं सभासदत्व. हा माझ्या मते बहुतेक मराठी घरांना बसणारा कपडा आहे. तीन वीकेंड, म्हणजे सहा दिवस नक्की जाणारा, किंवा ईस्ट बर्कच्या जवळ, लिटलटन, सेंट जॉन्सबरीकडे राहणारा असेल तर वर्षाचा पास, विचार न करता. उन्हाळ्यात आठवडाभर व्हर्मॉन्टमध्ये मुक्काम ठोकून गावोगाव फिरणार असाल तर व्हीएमबीए, आणि किंगडमचा त्यातला एखादाच दिवस सुटा. सगळंच घेणारेही असतात. त्यांना माझा विरोध नाही, त्यांची सायकल आधीच गाडीपेक्षा महाग असते.

वर्षाचा पास घ्यायचाच असेल तर एप्रिलमधल्या पहिल्या उबदार शनिवारी घेऊ नका. बॉस्टनला ऊन पडलं तरी वर बर्फ वितळून चिखल झालेला असतो आणि वाटा मेमध्येच कधीतरी उघडतात. त्या शनिवारी फेल्सला जा. तेही ओलं नाही ना, एवढं बघून.