जिप्सीच्या डिफ लॉकचे १,३५,००० घेतले आणि डिफ उघडलंच नाही

४,८३,५०० रुपये. एवढे पैसे एका गॅरेजवाल्याने माझी जिप्सी ऑफरोडसाठी बनवून देतो म्हणून माझ्याकडून घेतले, आणि आज गाडी दारात उभी आहे तर तिच्यात लाखभराचंही खरं काम नाही. त्याचं नाव लिहीत नाही, कारण वकिलाने सांगितलं की केस चालू असेपर्यंत नाव छापू नका, तो उलट अब्रुनुकसानीची नोटीस पाठवेल. म्हणजे ज्याने लुटलं त्याची अब्रू आणि ज्याचे पैसे गेले त्याने तोंड बंद ठेवायचं. पण नागपुरात जे कोणी जिप्सी, जुनी थार, मेजर बनवून घेऊन राहिले आहेत त्यांनी हे वाचा बाप्पा, आणि पैसे देण्याच्या आधी वाचा.

गाडी २०१२ची, सॉफ्ट टॉप, १३०० सीसी. आपल्याकडे ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला सगळीकडे जंगल सफारीला याच गाड्या, त्यामुळे पार्ट मिळतात, मिस्त्री मिळतात, आणि चारही बाजूला पाटे असल्यामुळे उंच करायला सोपी. माझा प्लॅन काही हवेतला नव्हता, वर्षभर बसून कागदावर काढला होता. दिखाऊ गाडी नकोच होती मला. लिफ्ट, नवे पाटे आणि शॉकअप ६८,०००. ३१ इंची पाच टायर ९२,५००. विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायची मोटरवाली दोरी, ५२,०००. मागच्या एक्सलला एअर लॉकर, म्हणजे हवेवर चालणारा डिफ लॉक, कॉम्प्रेसरसकट, १,३५,०००. बंपर, स्लायडर, रोलकेज ७४,०००. आरटीओचे कागद २२,०००. मजुरी ४०,०००. हा त्याच्याच हातचा अंदाज, माझ्याकडे अजून आहे.

आता असे धंदे कसे चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, ॲडव्हान्स घ्यायचा, पार्ट कस्टममध्ये अडकला म्हणायचं, मग तारखांवर तारखा, मग फोन बंद. मला पण माहीत होतं आणि मी त्याच गोष्टींवर नजर ठेवून होतो. हा माणूस त्यातलं काहीच करत नव्हता. आधी ७५,००० यूपीआयने घेतले, आठवड्यात विंचचा खोका उघडून दाखवला. मग दोनदा एक-एक लाख, तेव्हा टायर आले. रोज फोटो पाठवायचा. शेडमध्ये दोन थार उभ्या, त्यांचे मालक समोर चहा पीत बसलेले. सांगितलेल्या तारखेला गाडी तयार. नागपुरातला कोणता गॅरेजवाला तारखेला गाडी देतो हो? म्हणूनच १,६०,००० रोख मागितले, बिल अर्ध्याचंच करू म्हणजे तुमचा टॅक्स वाचेल म्हणाला, तेव्हा मी दिले. शेवटचे ४८,५०० चाबी हातात घेताना. आता लोक म्हणतात रोख कशाला दिले. अर्धं नागपूर गॅरेजमध्ये रोखच देते, मी काही वेगळं केलं नाही.

बिलाचं मात्र आत्ताच सांगतो, नंतर राहून जाईल. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ने सुरू होतो. माझ्या बिलावर ०९ होता. तो नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला की कोणाचा ते एका मिनिटात दिसते, फुकट. दुसऱ्याच राज्यातल्या टाइल्सच्या दुकानाचा निघाला. पैसे देण्याआधी टाका, दिल्यावर नाही.

आता लॉकरचं. ज्यांनी गाडी कधी आडव्या नाल्यात घातली आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी, डिफ म्हणजे डिफरन्शियल, एक्सलच्या मधला गिअरचा गोळा, इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा. ओपन डिफ, म्हणजे लॉक नसलेला, असला की जे चाक हवेत तेच गरगर फिरते आणि जमिनीवरचं नुसतं उभं राहते. फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या हळू गिअरमध्ये, टाकून सुद्धा, पुढचं एक आणि तिरक्या बाजूचं मागचं एक उचललं गेलं की गाडी संपली. एअर लॉकर म्हणजे डिफच्या आतला जुना सेंटर काढून त्या जागी लॉकर बसतो, क्राऊन, म्हणजे डिफचा मोठा गिअर, त्याच्यावर चढतो, कॉम्प्रेसरची हवा बारीक निळ्या पाइपने आत जाते आणि दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. यासाठी मी सगळा खटाटोप केला होता. बाकी काही नसतं केलं तरी चाललं असतं, लॉकर हवा होता.

डिलिव्हरीच्या दिवशी मी गाडीखाली गेलो होतो. गेलो होतो राजेहो, बाहेरूनच चमक बघून नाही आलो. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर मागचा अख्खा एक्सल ताज्या काळ्या रंगात, रंग अजून बोटाला लागत होता. मी हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, रोज व्हर्नियर हातात असतो. डिफ खोलून परत बसवलं की जोडाच्या कडेला नवीन सीलंट बाहेर आलेलं दिसते. तिथं काही नव्हतं, सरळ रंगच रंग. नटांवर पाना लागल्याची खूण नाही. मी विचारलं, "भाऊ, आतला जुना सेंटर कुठं आहे?" तो म्हणाला, "लेथवर पाठवला आहे भाऊ, सेटिंग बघायला, संध्याकाळी पोट्टा घरी आणून देईल." जुना सेंटर लेथवर कशासाठी? नवीन बसल्यावर जुन्याची कोणती सेटिंग? स्कूटरचा प्लग बदलला तरी आपण जुना प्लग हातात मागतो आणि इथं एक लाख पस्तीस हजारांच्या कामाचा जुना माल समोर नाही. त्या एका उत्तरावर तिथंच थांबून चाबी परत त्याच्या टेबलावर ठेवायला पाहिजे होती. रोज रात्री तेच डोळ्यासमोर येते. पण तेवढ्यात त्याने स्विच दाबून दाखवला, कॉम्प्रेसर गुरगुरला, डॅशबोर्डवर हिरवा लाइट लागला, आणि वर म्हणाला की पाचशे किलोमीटर लॉक वापरू नका, नवे गिअर बसायचे आहेत. नव्या क्राऊन-पिनियनला सुरुवातीला जपून चालवतातच, हे खरं आहे, म्हणून पटलं. ज्याला यातलं काही कळत नाही त्याला फसवायला तो खोटं बोलला असता. मला फसवायला तो अर्धं खरं बोलला.

पहिल्या पावसात मोहगाव झिलपीकडच्या एका नाल्यात गाडी तिरकी झाली, मागचं उजवं चाक हवेत. स्विच दाबला. गुरगुर झाली, हिरवा लाइट लागला, आणि हवेतलं चाक एकटं फिरत राहिलं. शेवटी गावातल्या ट्रॅक्टरने ओढलं, १,५०० घेतले, त्याने तरी काम केलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीकडे रॅम्पवर गाडी घेतली. त्याने कॉम्प्रेसरपासून निळा पाइप बोटाने धरत धरत मागे आणला. तो पाइप चेसिसच्या आत जाऊन तिथंच दुमडून झिप टायने बांधलेला होता. डिफपर्यंत पोचलाच नव्हता. डिफच्या बॉडीला पाइपसाठी भोकच नाही. जिप्सीचं डिफ बाहेर काढायला दोन्ही बाजूचे एक्सल शाफ्ट ओढावे लागतात, त्यासाठी मागचे ड्रम खोलावे लागतात, आणि ड्रमच्या आत जुनी धूळ कडक थर होऊन बसली होती. प्लग उघडला तर काळंकुट्ट जुनं ऑइल. आत कंपनीचाच सेंटर. मिस्त्री काही बोलला नाही, हात पुसले आणि मला फोटो काढायला सांगितले. त्यामुळे आज माझ्याकडे तारखेसकट फोटो आहेत. तुम्ही पण असंच करा, शंका आली तर आधी फोटो, मग भांडण.

मग बाकीचं पण निघालं. नवे म्हणून दिलेले पाटे माझेच जुने, रंग मारलेले, फक्त शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला धरणारी पट्टी, लांब लावून आणि एक पाटा वाढवून उंची आणली, त्यामुळे साठच्या वर स्टेअरिंग भटकते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या चार टायरवर ते घासून काढलेले होते, पाचव्यावर, स्टेपनीवर, विसरला: १७१४. म्हणजे २०१४च्या सतराव्या आठवड्याचा माल. विंचवर ९,५०० पाउंडचं स्टिकर, पण तेवढी विंच पूर्ण लोडवर चारशेच्या आसपास अँपिअर खेचते आणि दिलेली वायर हॉर्नला लावतात तसली. स्टिकर नखाने निघालं. बंपर आणि केज तेवढी खरी, पाइप पातळ, पण आहे.

त्याच्याकडे गेलो तर म्हणतो, "मी तर बसवलं होतं, तुम्हीच कुठं विकून आले असाल." आणि मग आवाज खाली करून, "तक्रार करा ना भाऊ, पहिले तुमचीच गाडी जप्त होईल."

याच्यावर त्याचा पूर्ण धंदा उभा आहे, नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावर जानेवारी २०१९चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या गोष्टीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीत १८२अ आलं, मालकाला एका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. बुल बारवर, म्हणजे पुढच्या लोखंडी बंपर-गार्डवर, तर २०१७ पासूनच बंदी. म्हणजे ज्याने गाडी बनवून घेतली तो घाबरलेलाच असतो, आणि हा माणूस त्याच भीतीवर नोटा मोजतो. वर आरटीओच्या कागदाचे २२,००० पण माझ्याकडून घेतले, सगळं आरसीवर चढवून देतो म्हणून! एक शिक्का मारलेला कागद दिला. एमपरिवहन या सरकारी ॲपवर बघितलं तर आरसी जशीच्या तशी, एक अक्षर बदललेलं नाही. कोणी असा कागद दिला तर तिथंच उभं राहून ॲप उघडा. मी घरी येऊन उघडलं, कारण शिक्क्यावर विश्वास ठेवायचीच आपल्याला सवय आहे. आणि डिफच्या आतला लॉकर बाहेरून दिसत नाही, त्याने कोणाचा जीव जात नाही, उलट चिखलात अडकलेल्याचा वाचतो. हा काय गुन्हा झाला?

पोलिसांकडे गेलो. पहिल्या ठाण्यात म्हणाले, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, तुम्ही राहता तिकडे जा. झिरो एफआयआर नावाची गोष्ट कायद्यात आहे, कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, हे मी सांगितलं तर समोरचे साहेब म्हणाले, "तुम्हीच शिकवा आता आम्हाला." तिसऱ्यांदा एकाने फोटो बघितले, हसला आणि म्हणाला हा सिव्हिल मॅटर आहे. सिव्हिल कसा? जे काम केलंच नाही त्याचे पैसे घेतले, खोटा जीएसटी नंबर, खोटा सरकारी शिक्का, टायरवरचे आकडे घासले. भारतीय न्याय संहितेचं ३१८, जुनं ४२०, अजून काय पाहिजे? मग तोच साहेब म्हणतो, "गाडी मॉडिफाय केली म्हणजे आधी तुमच्यावरच कारवाई होईल, विचार करून लिहा." शब्द न् शब्द गॅरेजवाल्याचाच! माझे पैसे गेले, पुरावा मी गोळा केला, आणि धमकी पण मलाच. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला तर ते म्हणाले तुम्ही समोर बसून पैसे दिले, हे सायबरमध्ये येत नाही. आरटीओत तो खोटा कागद दाखवला तर खिडकीवरच्या माणसाने उलटसुलट करून परत दिला, "असा कागद आम्ही देत नाही." अहो देत नाही हे मलाही कळलं, तुमच्या नावाचा शिक्का कोणीतरी विकून राहिला आहे, त्याचं काय? लेखी द्या म्हणाले. दिलं. पोच पण मागून घ्यावी लागली, आणि उत्तर आजपर्यंत नाही. तुमच्या ऑफिसच्या नावावर २२,००० कोणी खाल्ले याचीसुद्धा तुम्हाला पडलेली नाही!

ज्याच्यावर अशी वेळ आली असेल त्याने ठाण्यात खेटे घालत बसू नका. बीएनएसएसच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, १७३(४) प्रमाणे पोलीस वरिष्ठांना लेखी तक्रार स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, आणि तरीही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज होतो. ग्राहक आयोगाला घाबरू नका, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, माझे ४,८३,५०० त्यातच बसले. दोन वर्षांची मुदत असते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर आधी नोंद करा, किमान त्या नोंदीचा नंबर तरी हातात राहतो.

आणि लॉकर लावलेला असेल तर आजच बघा: पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड द्या, इंजिन बंद, चाबी ऑन, गाडी गिअरला, लॉक दाबा आणि एक चाक हाताने फिरवा. थोडा प्ले सोडला तर चाक हललं नाही पाहिजे. ते फिरलं आणि पलीकडचं उलटं फिरलं तर तुमचंही डिफ ओपनच आहे. जुना सेंटर घरी आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. काम चालू असताना डिफ उघडं असलेलं स्वतः जाऊन बघा, फोटोवर नको, मला आलेला उघड्या डिफचा फोटो दुसऱ्याच गाडीचा होता.

परवा अजून एक जण भेटला, जुनी थारवाला. त्याचे १,४०,००० लॉकरचे गेले. आम्ही बिलं शेजारी ठेवली तर दोघांच्या लॉकरचा सिरियल नंबर एकच, शेवटचे चार आकडे ०४१७. आता दोघांनी मिळून अर्ज टाकला आहे आणि वकील म्हणतो तिसरा मिळाला तर पोलिसांना सिव्हिल मॅटर म्हणता येणार नाही. ज्याच्या बिलावर ०४१७ असेल त्याने बिल आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. गाडीचं काय होईल त्याची भीती सध्या बाजूला ठेवा.